डावा पीळ

३ फेब्रुवारी
आज नालवाडीच्या बियाणे प्रयोगशाळेत रुजू झाले. जागा माझ्या धाकट्या भावाची, मुकेशची. तो दिवाळीत गेला. खोली स्वच्छ आहे, खिडकीतून ऊन येते. काचसामान धुणाऱ्या लीलाबाईंनी चहा दिला. म्हणाल्या, “तुया भाऊ लय हसवे मले. तू तं मुकीच दिसतं वो बाई!” बरे वाटले.

५ फेब्रुवारी
काम समजले. वनस्पतीच्या पेशीत अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्यांना धरून ठेवणारी प्रथिने असतात. नळ्या जशा रचल्या जातील तशी पेशी वाढते. प्रयोगशाळेच्या प्रमुख मेघा मॅडम त्यातले एक प्रथिन बदलतात. मग तुरीचे रोप सरळ न वाढता डावीकडे पीळ घेते. सूक्ष्मदर्शकाखाली नळ्या हिरव्या चमकतात, सगळ्या तिरप्या. सुंदर दिसतात. रोपे चेचून रस काढायचे काम माझे. आधी मुकेशचे होते.

९ फेब्रुवारी
मॅडम म्हणाल्या, मुकेश निष्काळजी होता, जखम उघडी ठेवायचा. डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर धनुर्वात लिहिला होता. तिरडीवर तो सरळ निजेना. कमरेपासून डावीकडे पिळलेला. माणसांनी दाबून धरला, मग सुतळीने आवळला. आणि या म्हणतात निष्काळजी.

१४ फेब्रुवारी
हातमोजे मॅडम एकट्याच घालतात. मी मागितले. झाडाचे प्रथिन माणसाला लागत नाही, उगीच खर्च नको, असे सांगितले. स्वतःचे मोजे न काढता सांगितले.

१८ फेब्रुवारी
करंगळी डावीकडे वळली आहे. दाबूनही सरळ होत नाही. दुखत नाही. लीलाबाईंनी थट्टा केली, “काऊन वो, मान वाकडी करून कोनाले पाहून राह्यली? मुकेशबी असाच पाहे.” मग त्यांचे हसू थांबले.

१९ फेब्रुवारी
चेचलेले रोप मॅडमपुढे धरले. म्हटले, काही होत नाही ना, मग मोजे काढून घ्या हातात. त्या मागे सरकल्या. खुर्ची पडली. घेतले नाही.
माहीत होते. सगळे माहीत होते. माझ्या भावाला मारून वर त्यालाच —

२० फेब्रुवारी
मान. आता खांदा. पाय टाकते समोर, पडतो डावीकडे — भिंत धरून घरी आले. उद्या पोलीस ठाण्यात जाईन. बोलायला जमले नाही तर नुसती उभी राहीन. बघू दे.

२१ फेब्रुवारी
सकाळ. घरात कोणी नाही. नीटनेटके जावे म्हणून वेणी घालायला बसले. एका हाताने केस धरलेत, दुसऱ्याने लिहिते. उजवा पेड मधल्यावर घेतला. कंबर आपोआप डावीकडे वळते आहे. आता डावा