सातव्या प्रकरणातला शेजारी

हिलो,
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय मेल्विनदादा,

तुला धाकट्या बहिणीचा अलोहा आणि गालावर एक पापा. वहिनीला दोन, कारण ती तुला सांभाळते. गुडघा कसा आहे? साखर तपासतोस का, की वहिनीने विचारलं की ‘परवाच तपासली’ असं ठोकून देतोस? लास वेगासमध्ये एव्हाना चपला डांबराला चिकटायला लागल्या असतील. इथे पाऊस आहे. (हे मी दर पत्रात का लिहिते कोण जाणे. हिलोत पाऊस नसेल तेव्हा लिहावं, ती खरी बातमी.) देवदयेने माझं सगळं बरं आहे, फक्त गेला महिनाभर झोप नव्हती. ती परवापासून परत आली आणि तेव्हापासून मी नुसती झोपतेच आहे.

तू पत्र शेवटाकडून वाचायला घेतोस हे मला माहीत आहे, म्हणून मुख्य बातमी इथेच देऊन टाकते. मी पास झाले. ऑनर्ससकट. अठ्ठावन्नाव्या वर्षी, चष्म्याच्या दोन जोड्या आणि एक कोंबडा सांभाळून. आता सावकाश वाच.

तू फोनवर दर वेळी विचारतोस, “ऑनर्स म्हणजे नेमकं काय गं? साध्या पदवीला काय धाड भरली होती?” तर ऐक. साधी पदवी म्हणजे आपलं नेहमीचं ताट, दोन वाट्या भात, मॅकरोनी सॅलड आणि वर मासळी. ऑनर्स म्हणजे तेच ताट, पण प्रत्येक घासाला ‘हाच घास का घेतला’ ते सांगायचं. गुणांची सरासरी घसरली की हकालपट्टी. शिवाय असे खास तास, की ज्यात शिक्षक गप्प बसतो आणि विद्यार्थ्यांनी बोलायचं. (माझ्या वर्गातली पोरं पहिला महिनाभर टेबलाकडे बघत बसली होती, त्यामुळे सगळं मीच बोलले. हा विषय मला चांगला गेला.) शिवाय समाजसेवा. मी म्हटलं, तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात गावाच्या पोरांना वाढलं, ते धरा की. तर म्हणाले, त्याचा पगार घेतलात, ते चालणार नाही. मग मी किनाऱ्यावरचा कचरा वेचला. आणि या सगळ्याच्या वर, कळसासारखा, प्रबंध. तो तीन परीक्षक वाचणार, त्यातला एक अगदी वेगळ्याच विभागातला हवा, आणि मग चारचौघांत तोंडी परीक्षा.

या भानगडीत मला घातलं डॉक्टर चुनने. उलुलानी चुन, ऑनर्सची प्रमुख. तू तिला ओळखतोस, लहानपणी माझ्याकडून जास्तीची खीर मागून घ्यायची ती. आता केस पांढरे व्हायला लागलेत, पण मला बघितलं की अजून ताट पुढे केल्यासारखी उभी राहते. ती म्हणाली, “आँटी, एवढे चांगले गुण आणि ऑनर्स करणार नाही? माझी आई मला घरात घेणार नाही.” तिच्या आईचा स्वभाव मला माहीत आहे. पोरीची दया आली म्हणून हो म्हटलं.

प्रबंधाचा विषय मी निवडला, आपल्या गल्लीतली भांडणं आणि ती कशी मिटतात. (हसू नकोस. विषय परिचयाचा असावा असं पुस्तकातच लिहिलंय.) गल्लीतली नऊ भांडणं घेतली. समोरच्या शार्मेन कुबोची आणि तिच्या जावेची लिचीच्या झाडावरून झालेली मारामारीसुद्धा घेतली. नियमाप्रमाणे कुणाचंही खरं नाव घालायचं नसतं, म्हणून शार्मेन झाली ‘श्रीमती ग’. त्यावर ती आठवडाभर रुसली. म्हणे, “इतकी वर्षं भांडतेय मी, आणि नाव नाही?”

आणि सातवं प्रकरण माझं स्वतःचं. म्हणजे खरं तर तुझं, कारण कोंबडा तुझा. वेगासला जाताना “दोन महिने ठेव गं, मग नेतो” म्हणून तू सेनेटरला माझ्या अंगणात सोडलास. त्या दोन महिन्यांना आता अडीच वर्षं होतील. शेजारच्या घरात डॉक्टर प्रेविट राहायला आले तेव्हा तू इथे नव्हतास. आपल्या बेटावरचा नव्हे, मुख्य भूमीवरचा माणूस, विद्यापीठात खगोल शिकवतो, रात्रभर दुर्बिणीचं काम करतो आणि पहाटे घरी येऊन पडतो. आणि पहाटे आपले सेनेटर भाषणाला उभे राहतात. प्रेविटने पहिल्याच महिन्यात माझी तक्रार केली, तीही मला न सांगता, थेट वर. नगरपालिकेचा माणूस आला, कोंबड्याकडे बघून “छान आहे” म्हणाला आणि गेला. मग प्रेविटने मधल्या कुंपणातली वाट बंद केली. बस गाठायला मी त्या वाटेने जात होते, आता पूर्ण वळसा घालावा लागतो. मग मी बोलणं बंद केलं. दोन वर्षं आम्ही एकमेकांच्या गाड्यांकडे बघून जगलो.

हे सगळं मी सातव्या प्रकरणात घातलं. ‘श्री. क’ या नावाने, अकरा पानं. त्यांचा चेहरा उन्हात विसरलेल्या खोबऱ्यासारखा आहे हे शास्त्रीय निरीक्षण म्हणून नोंदवलं. ‘या गृहस्थाला शेजार म्हणजे दोन घरांमधली हवा वाटते’ हेही. लिहिताना मनाला फार थंडावा मिळाला. प्रबंध तीन परीक्षकांकडे गेला, मी निवांत झाले.

आणि परीक्षेला दहा-बारा दिवस असताना तिसरे परीक्षक, गणितातले नाकाशिमा, आजारी आईसाठी तातडीने ओसाकाला गेले. डॉक्टर चुनने मला बोलावलं. हसत होती. “आँटी, काळजी नको, दुसरे मिळाले. सुट्टी लागत आलीय, सगळे पळालेत, पण खगोलवाले एक भले गृहस्थ हो म्हणाले. प्रेविट म्हणून.”

दादा, माझ्या हातातला कॉफीचा पेला तिच्या गालिच्यावर पडला. तो डाग अजून आहे.

मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, उलु, माझं त्यांच्याशी भांडण आहे, हे नियमात बसत नाही. तिने विचारलं, “काय भांडण?” मी म्हटलं, कोंबड्याचं. ती डोळे पुसत पुसत हसली. “आँटी, हिलोत कोंबड्यावरून कुणाशीच न भांडलेला परीक्षक हवा असेल, तर अलास्काहून मागवावा लागेल. कुणीच नको असेल तर परीक्षा पुढच्या डिसेंबरात. बघा.” आणि प्रबंध तर त्यांच्याकडे सकाळीच पोचलाही होता. म्हणजे त्या क्षणी तो माणूस माझ्या कुंपणापलीकडे बसून स्वतःचं खोबरं वाचत होता.

डिसेंबरपर्यंत थांबावं असं फार वाटलं. पण शार्मेन म्हणाली, “पळ की! गल्लीच्या भांडणांवर पुस्तक लिहिलंस आणि स्वतःच्या भांडणातून पळ काढ. पुढे कुणी विचारलं की मी सांगेन, ‘श्रीमती ग’ने शेवटपर्यंत लढत दिली, लेखिका मात्र गायब.” तिच्या जिभेला काही हाड नाही, पण ते वाक्य लागलं. मी परीक्षेला जायचं ठरवलं. त्या दिवसांत दर दुपारी प्रेविटच्या घराची खिडकी बघत होते. पडदा हलला की मी उगाच अंगण झाडायला लागे.

परीक्षेच्या दिवशी सभागृहात अख्खी गल्ली हजर. बसायला खुर्च्या कमी, खायला मात्र भरपूर, कारण हिलोत रिकाम्या हाताने कुणी परीक्षेलाही येत नाही. पहिले दोन परीक्षक प्रेमाने बोलले. मी उत्तरं दिली, कशी ते आठवत नाही. मग प्रेविट उठले. इस्त्रीचा शर्ट, आणि झोप न झालेले लाल डोळे. (दुपारचे दोन म्हणजे त्या माणसाची मध्यरात्र. तरी आले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.) हातात प्रबंध, त्यात ठिकठिकाणी पिवळ्या चिठ्ठ्या. सगळ्या चिठ्ठ्या सातव्या प्रकरणात.

“मिसेस फुर्ताडो,” ते म्हणाले, “तुमच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, प्रत्येक भांडणात दोन्ही बाजूंची मुलाखत घेतली. मग श्री. क यांची का नाही घेतलीत?”

शार्मेनचं चघळणंसुद्धा थांबलं.

मी खरं तेच बोलले. “ते दिवसा झोपलेले असतात.”

“आत्ता जागे आहेत. विचारा.”

दादा, मी वही उघडली आणि बाकी आठ प्रकरणांत विचारला तोच पहिला प्रश्न विचारला. तुम्हाला सगळ्यात जास्त काय लागलं? मला वाटलं, आता कोंबड्याचं नाव येणार. त्यांनी प्रबंध टेबलावर ठेवला. म्हणाले, “कोंबड्याची सवय झाली. कानात बोळे घालतो. पण नाताळात तुम्ही साऱ्या गल्लीला गोड पाव वाटता. भट्टीचा वास माझ्या खिडकीतून आत येतो. दोन नाताळ झाले. मी दोन्ही वेळा बाहेरचे कपडे घालून तयार बसलो होतो.”

माझ्या तोंडून आलं, “मग वाट का बंद केलीत?”

“वाट?” ते म्हणाले. “तिथे पावसाने खड्डा पडला होता. तुम्ही अंधारात पडाल म्हणून. बुजवायला माणूस सांगितला होता, तो आलाच नाही. आणि मग तुम्ही बोलतच नव्हता.”

मागून शार्मेन मोठ्यांदा म्हणाली, “अगं बाई, मग त्याला आधी खायला तरी द्या कुणीतरी!” आणि परीक्षा चालू असतानाच तिसऱ्या परीक्षकाच्या हातात भाताची ताटली आली. डॉक्टर चुनने डोक्याला हात लावला.

निकाल असा लागला, की पास, पण सातवं प्रकरण दोन्ही बाजूंनी पुन्हा लिहायचं. त्याप्रमाणे आठवडाभर रोज दुपारी चारला (ही त्यांची सकाळ) प्रेविट माझ्या व्हरांड्यात येऊन बसले आणि त्यांची बाजू सांगितली. खोबऱ्याचं वाक्य मी खोडत होते. ते म्हणाले, “राहू द्या, निरीक्षण बरोबर आहे, माझी आईही हेच म्हणायची.” मी रोज पाव भाजला. दोन नाताळांची थकबाकी होती. तुला सांगते, नव्याने लिहिलेलं प्रकरण जुन्यापेक्षा चांगलं झालं, पण लिहिताना पूर्वीची मजा आली नाही. तिघांच्या सह्या परवा झाल्या. छातीवरून शाळेच्या स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं उतरवावं तसं वाटलं. घरी आले, बूट न काढता पलंगावर पडले आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठले.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला तेल लाव, आणि लावलं असं नुसतं सांगू नकोस.

तुझी बहीण,
व्हर्ना

ता. क. — प्रेविटबद्दल एवढं लिहिलं म्हणून वहिनीने भलता अर्थ काढू नये. भला माणूस आहे, इतकंच. गुरुवारी जेवायला येणार आहेत, ते केवळ मासे जास्त झालेत म्हणून.

आणखी एक — समारंभात ऑनर्सचं पदक घरच्या कुणीतरी गळ्यात घालायचं असतं. माझी लेक रोझेल सोडून मी तुझं नाव सांगितलंय. ती फुगली आहे, तिची समजूत मी काढते. तिकीट तू काढ.

आणि शेवटचं, ज्यासाठी खरं तर हे पत्र — बाबा गेले तेव्हा माझी शाळा सुटू नये म्हणून तू कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातून उठून विमानतळावर सामान उचलायला गेलास. ते कधी बोलला नाहीस. मी चुनला विचारलं, तुझी तेव्हाची दोन वर्षं अजून धरतात. ती म्हणाली, या वयात ते पुरं करतील का? मी म्हटलं, त्याने आयुष्यात अर्धवट सोडलेली ही एकच गोष्ट आहे. ऑगस्टपासून वर्ग आहेत, तुझ्यासाठी मागची खोली झाडून ठेवली आहे. वहिनी हो म्हणाली आहे, मी तुझ्या आधी तिला फोन केला होता. नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन माझ्या तोंडावर म्हण.