रेघ मारण्याआधी

ता. ४ नोव्हेंबर

प्रिय दादास,

नमस्कार. तू बरा असशील, गुडघा फार दुखत नसेल, वहिनीला माझी आठवण सांग. इकडे सगळं ठीक आहे. झालं, रीत संपली. आता कामाचं.

फोन तू मध्येच ठेवतोस. तिन्ही वेळा ठेवलास. कागदाला मध्येच ठेवता येत नाही म्हणून लिहिते आहे. फाडायचा असला तर वाचून मग फाड.

हो, मी मोटरसायकल घेतली आहे. हो, ती या तीस तारखेला ट्रॅकवर चालवणार आहे. शर्यत नाही रे. सरावाचा दिवस असतो. हौशी माणसं येतात, वीस वीस मिनिटं गोल फिरतात आणि आपापल्या घरी जातात. कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. माझं वय सत्तेचाळीस आहे हे मला माहीत आहे, तू फोनवर दोनदा सांगायची गरज नव्हती. रोज मागे बावीस पोरं केकाटत असताना मी शाळेची व्हॅन वळवते. एकटीच्या गाडीला काय घाबरायचं?

तू म्हणालास, "ट्रॅकवर गेलीस तर माझ्या दारात यायचं नाही. आणि ती गाडी माझ्या गॅरेजात तर आणायचीच नाही." बरं. दार तुझं, गॅरेज तुझं. हात माझे आहेत.

गाडी जिन्याखाली लावली आहे आणि तिथेच खोलली आहे. खालच्या मजल्यावरच्या आजी येता-जाता म्हणतात, "अगं, कोणी बाप्या नाही का घरात?" मी म्हणते, "आहे ना, वर भांडी घासतोय." खरंच घासत असतात. तुझे मेहुणे ऑफिसातून आले की मुकाट्याने सिंकमधून माझे नटबोल्ट वेचतात आणि मग भांड्यांना हात लावतात.

ट्रॅकवाल्यांनी हातभर यादी दिली आहे. आरसे काढा. दिव्यांना चिकटपट्टी लावा. रेडिएटरमधलं रंगीत पाणी काढून साधं भरा, कारण ते सांडलं की मागचा घसरतो. आणि खालच्या ऑइलच्या बोल्टाच्या डोक्याला आरपार भोक पाडून त्यात तार ओवून बांधा, म्हणजे तो चालत्या गाडीत सुटणार नाही. वाचायला सोपं आहे. एका बोल्टाला भोक पाडायला मी ड्रिलच्या चार काड्या मोडल्या. चौथी मोडली तेव्हा जे तोंडातून निघालं ते ऐकून आजींनी दार लावून घेतलं.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात हे तुला माहीत आहे. तुझ्या मेहुण्यांना खुर्चीवर बसवलं, हातात ब्रेकचा दांडा दिला.

"दाबा."

"दाबला."

"धरून ठेवा."

"धरलाय."

मी खाली वाकून नळी सोडवते तोवर हे विचारतात, "आता सोडू का?" आणि विचारता विचारता सोडतात. हवा परत आत! असं सहा वेळा. सातव्यांदा ब्रेकचं ऑइल टाकीवर सांडलं आणि रंगाचा हातभर पोपडा निघाला. मी पाना आपटला. हे म्हणाले, "असू दे गं. आता कुठे तुझी वाटते." हसू आलं, पण दाखवलं नाही.

एक विचारते, तेवढं सांग. ऑइलचा बोल्ट नक्की किती आवळायचा? पुस्तकात आकडा आहे, पण तो आकडा दाखवणारा पाना माझ्याकडे नाही. बाबांचा होता तो तुझ्याकडे आहे. मागत नाही. नुसतं हाताला कसं कळतं ते सांग. माझा हात थांबत नाही. आवळलं तरी वाटतं ढिलंच राहिलं, म्हणून पुन्हा आवळते. असं का, ते विचारू नकोस.

तुझी धाकटी


ता. १५ नोव्हेंबर

दादास नमस्कार.

तुझं उत्तर नाही. नको देऊस. मी तुझ्या उत्तरावर पाना अडवून बसलेली नाही.

बसले असते तर बरं झालं असतं, कारण ऑइलचा बोल्ट बसतो तिथले आटे गेले.

शनिवारी नवीन ऑइल भरायचं होतं. बोल्ट लावला, आवळला. बसला होता. मला कळलं होतं की बसला आहे. तरी उठून हात पुसले आणि परत खाली बसले. अजून थोडा. मग पायऱ्या चढून वर निघाले, आणि अर्ध्यातून परत खाली आले. अजून थोडा. तेव्हा हाताखाली एकदम लोण्यासारखं मऊ लागलं. पाना फिरतोय आणि बोल्ट काही धरत नाही. तुला ते मऊ माहीत आहे. नवं कोरं ऑइल थेंब थेंब माझ्या मनगटावरून बाहीत गेलं आणि मी तशीच उताणी पडून राहिले. आजी बाहेर आल्या. "मेलीस का गं?" "नाही हो आजी, बोल्ट मेला." त्यांनी मला चिंधी आणून दिली आणि पहिल्यांदाच बाप्या कुठे आहे ते विचारलं नाही.

इंजिनाखालचं ऑइलचं सगळं चेंबर सोडवून पिशवीत घातलं आणि पुलापलीकडच्या लेथवाल्याकडे गेले. म्हातारा आहे, चष्म्याला दोरी बांधलेली. आत बोट घालून बघितलं आणि म्हणाला, "बाई, कोणाचा राग काढलात?"

"राग नाही. ढिला राहू नये म्हणून."

"आवळायचं म्हणजे मारामारी नसते. बोल्ट बसला की तो सांगतो, पुरे. तुम्ही त्याचं ऐकत नाही."

मी म्हटलं, "मी कोणाचंच ऐकत नाही, याचं काय ऐकू."

हसला. भोक मोठं करून, आत पोलादी वेटोळं बसवून, नवे आटे पाडून दिले. स्वतः बोल्ट लावून दाखवला. मग माझा हात धरून लावायला लावला, दोन वेळा, पाच वेळा. पाचव्यांदा मला खरंच कळलं कुठे थांबायचं. सत्तेचाळीस वर्षांची बाई, आणि शाळेत फळ्यावर बेरीज जमल्यासारखं वाटलं.

मग तो सहज म्हणाला, "पांढरा रंग आहे माझ्याकडे. रेघ मारून देऊ?"

मी ओरडले. "नको!" इतक्या जोरात की त्याने लेथ बंद केली.

तुला आठवते ना बाबांची पद्धत. आवळणारा एक, तपासणारा दुसरा. दुसऱ्याने स्वतः पाना लावून बघायचं आणि मगच बोल्टावरून खालच्या धातूवर एक पांढरी रेघ ओढायची. रेघ असली की त्या बोल्टाला परत कोणी हात लावायचा नाही. तू आवळायचास आणि रंगाची डबी माझ्याकडे. मुलीने आवळायचं नाही, पण तपासून रेघ मारलेली चालते, असं होतं बाबांचं. मी चिडायचे. तू म्हणायचास, "अगं वेडे, शेवटचा शब्द तुझाच असतो की."

असो. ते कशाला काढलं कोण जाणे.

चेंबर परत बसवलं आहे, गळत नाही. ब्रेक कडक झाला आहे. तुझ्या मेहुण्यांना आता न सांगता धरता येतं. तीस तारखेला मी जाणार आहे, आणि यापुढे काही लिहिणार नाही.

तुझी धाकटी


ता. २६ नोव्हेंबर

दादा,

लिहिणार नाही म्हटलं होतं. तुझं कार्ड आलं म्हणून लिहिते आहे.

तीन ओळी लिहिल्यास. "आवळलेल्याला परत आवळणं हा गाढवपणा. मी एकदाच ढिलं सोडलं आणि जन्माचा लंगडा झालो. माझ्याकडे बघून तरी गाडी विकून टाक."

चुलीत घालणार होते ते कार्ड. घातलं नाही. मधली ओळ मला चार दिवस जेवू देत नाहीये.

तू ढिलं सोडलं नव्हतंस.

आता नीट वाच, मी हे दोनदा लिहिणार नाही. तू शर्यतीला निघणार होतास त्या सकाळी पुढच्या ब्रेकचे दोन बोल्ट तू नुसते बोटांनी फिरवून ठेवलेस, आणि आईने हाक मारली म्हणून जेवायला गेलास. आल्यावर आवळणार होतास; शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा तू हेच सांगत होतास. मी डबी घेऊन आले. मला घाई होती. मैत्रीण फाटकात उभी होती आणि ब्रशवरचा रंग वाळत होता. मी पाना लावला नाही. एकाही बोल्टाला लावला नाही. पुढून मागे गेले आणि सगळ्यांवर रेघा ओढल्या, फट फट फट, आणि पळाले. तू जेवून आलास, रेघ बघितलीस, तुला वाटलं आवळून झालं आहे. बाबांचा नियमच होता तो. तू नियम पाळलास, दादा. मी नाही.

तिसऱ्या वळणाला पुढचा ब्रेक चाकावरून सुटला आणि तू सरळ भिंतीत गेलास.

दवाखान्याच्या पायरीवर बाबांनी मला विचारलं, "पाना लावला होतास?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. एक अक्षर. बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मग त्यांनी ठरवलं की रेघ मारल्यावर तूच परत ब्रेकशी खेळला असशील. तुझी सवय होतीच खेळायची. तू शुद्धीवर आलास तेव्हा ते तुला तेच म्हणाले, आणि इतक्या वेळा म्हणाले की शेवटी तुलाही आठवायला लागलं. जे केलंच नाही ते आठवायला लागलं! मी बाजूला उभी राहून तुला पाणी पाजत होते. बाबा जाईपर्यंत पाहुण्यांसमोर तुला बेफिकीर म्हणत राहिले आणि मी त्याच पाहुण्यांना वाढत राहिले.

लोक सांगतात, तू गिऱ्हाईकाची गाडी तीन तीनदा तपासतोस. कौतुकाने सांगतात. काय काटेकोर माणूस! मी तोंडात पदर धरून ऐकते. माझी करणी आहे ती.

आता तू म्हणशील, इतकी वर्षं का नाही बोललीस. घाबरले होते. एकवीस वर्षांची होते, आधी बाबांना घाबरले, मग तुला, मग इतकी वर्षं गेल्याला. कारण सांगते आहे, सबब नाही. आणि एक सांगते, ते तुला आवडणार नाही. मी स्वतःला शिक्षा दिली होती. मोटरसायकलला हात लावायचा नाही, जन्मात नाही. सव्वीस वर्षं पाळली ती शिक्षा. त्याने तुझा गुडघा एक बोटभरही सरळ झाला नाही. तुझं नाव साफ झालं नाही. शिक्षा मी माझ्या सोयीची घेतली होती, दादा. खरं बोलण्यापेक्षा ती सोपी होती.

म्हणून ती मोडली. या वर्षी गाडी आणली, आणि ती दारात उभी राहिल्या दिवसापासून हात आवळत सुटला आणि थांबेना. तेव्हाच मला कळलं की हे कुठे जाणार आहे. फोन त्यासाठीच केले होते. तिन्ही वेळा तू गाडीचं नाव ऐकून ठेवलास, आणि तिन्ही वेळा मला बरंच वाटलं. तेही लिहून टाकते.

पण गाडी विकणार नाही. तुझ्याशी वाईट वागले म्हणून मी विकावी, असं म्हणशील तरी नाही. ही गाडी मी स्वतः जुळवली आहे. चुकून, आटे घालवून, लाज वाटून घेऊन परत जुळवली आहे. काल लेथवाला घरी येऊन प्रत्येक बोल्टाला पाना लावून गेला, मी शेजारी उभी राहून बघितलं आणि त्यानंतर मी लावला. दोघांचे हात लागले आहेत. मला चालवायची आहे कारण मला तेव्हाही चालवायची होती. बाबांनी डबी हातात दिली तेव्हाही मी तुझ्या गाडीकडेच बघत होते. मी अपराधी आहे, पण हौस माझी खरी आहे. दोन्ही एका माणसात मावतात, तुला पटो न पटो.

माफी मागत नाही. मागितली की तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग आपण पुन्हा गप्प बसू. रागाव. सव्वीस वर्षांचा एकदम काढ. दारात यायचं नाही म्हणालास, त्याला आता तुझ्याकडे खरं कारण आहे, दार ठेव लावून.

मला फक्त एक हवं आहे आणि ते मी मागत नाही, सांगते आहे. वहिनीला आणि पोरांना आज जेवायला बसताना सांग की तुझ्याकडून काही ढिलं राहिलं नव्हतं. जड जात असेल तर हे पत्र वहिनीच्या हातात दे. तिने मोठ्याने वाचावं. नातेवाइकांचं मी बघते, एकेकाच्या घरी जाऊन सांगणार आहे. मोठ्या आत्यापासून सुरुवात.

रविवारी सकाळी सात वाजता ट्रॅकचं फाटक उघडतं. माझी पाळी साडेनऊला. शिव्या द्यायच्या असतील तर ये, चारचौघांत दे, मी हेल्मेट काढून उभी राहून ऐकेन. पण वीस मिनिटं झाल्यावर. त्याआधी मला कोणी अडवायचं नाही, तूसुद्धा नाही.

पाना न लावता हो म्हणालेली,
तुझी बहीण