पथ्याचा चीजकेक

३ जानेवारी २००५
ह्यांचं वर्षश्राद्ध पंचवीस तारखेला. पानावर त्यांच्या आवडीचं काहीतरी हवं. शेजारची बर्था ह्यांना भाऊ म्हणायची; तिचा चीजकेक त्यांना आवडला होता. नाताळात एकदा एकच फोड खाल्ली होती, माझ्यासमोर. मी करणार. त्यात अवघड काय? खाली बिस्किटांचा चुरा, वर चक्का.

बर्था म्हणाली, चुरा बांधायला बटर लागतं. मी सांगितलं, ह्यांच्या हार्टनंतर या घरात बटर आलेलं नाही आणि येणारही नाही.
"मनोरमाबाय, मेलेल्या माणसाला कसलं कोलेस्टेरॉल?"
दार लावून घेतलं. तिच्याशी बोलणं बंद.

५ जानेवारी
वाचनालयातून हृदयरोग्यांच्या आहाराचं पुस्तक आणलं. शाळा चौथीपर्यंतच, पण बर्थापेक्षा जास्त वाचलंय. बटरऐवजी केळं चालतं. कुस्करून घातलं. तळ काळा आणि ओला. फ्रीजमध्ये सुधारेल.

६ जानेवारी
सुधारला नाही. केळीवाली फसवी आहे.

१० जानेवारी
खोबरेल. दोनच चमचे, म्हणजे पथ्य मोडलं असं होत नाही. वास मात्र डोक्याला लावायच्या तेलाचा. ह्यांच्या डोक्याला मीच लावून द्यायचे. टाकवेना. दिवसभर टेबलावर राहिला. मुंग्या.

१३ जानेवारी
साय काढलेलं दही. लिहिण्यासारखं काही नाही.

१६ जानेवारी
उन्हात वाळवलेली सुकेळी वाटून घातली. जन्म आगाशीत गेला आणि हे आधी सुचू नये! तळ पक्का बसला. सुरी अडकली, ती सुरी जुनी आहे. जितेश आला होता, त्याला दिला. त्याच्या दाताची कॅप निघाली. आईच्या हातचं खायची सवय नाही राहिली.

वर म्हणतो, बाबा तुझा बिनसाखरेचा चहा शेवंतीच्या कुंडीत ओतायचे. साफ खोटं. शेवंती उन्हाने गेली.

२४ जानेवारी
सुकेळीचाच केला. घट्ट झालाय. जमलं. बर्थाला दाखवायची गरज नाही.

२५ जानेवारी
पान मागच्या भिंतीवर ठेवलं. कावळे चिंचेवर बसून बघत राहिले. गुरुजींना पुढे चांदीपला जायचं होतं, ते घड्याळ बघायला लागले. जितेश म्हणाला, दर्भाचा कावळा करू या. मी नको म्हटलं.

हात जोडले. जितेशला तोडून बोलणार नाही म्हणून सांगितलं. कावळा आला नाही. बर्थाशी बोलेन म्हटलं. भिंतीपर्यंत येऊन परत गेला. शेवटी, कुणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू म्हटलं, तुमचं पथ्य सुटलं.
आला.

वरचा चक्का पुसून खाल्ला. तळाला चोच लावून बघितली आणि उडाला. तळ पानावर कौलासारखा पडून.

भिंतीपलीकडे बर्था उभी होती. तिच्याशी बोलायचं कबूल केलं होतं, म्हणून म्हटलं, बघ, शिवला.
ती म्हणाली, "भाऊपन असाच तळ सोडायचे. दर रविवारी मी तो माझ्या कुत्र्याला घालायची."

दर रविवारी. रविवारी हे पेपर आणायला जायचे. बराच वेळ लागायचा. मला वाटायचं, चालणं होतंय, हार्टला चांगलं.

सगळे गेल्यावर फ्रीजमधली उरलेली फोड काढली. वरचं बाजूला केलं. तळ चहात बुडवून खाल्ला.

बटर हवं होतं.