कुंडावर मारलेली हाक

आई, मनानंच तुझा हात कपाळाला लावून लिहायला बसले.

मी मजेत आहे. पर्यटकांच्या या रेल्वेगाडीत जेवण चांगलं मिळतं. प्रवाशांना पडकी देवळं दाखवून घसा तेवढा बसतो. तुझा गुडघा काय म्हणतो?

सोमवारी आपल्या कुंडावरून निघताना, कुणाचा जीव मागे राहू नये म्हणून, तू शिकवलंस तशी सगळ्या प्रवाशांना नावानं हाक मारली. "बाई, शाळा भरली का?" म्हणून प्रवासी हसले. यादी संपली आणि तोंडून आपसूक माझ्या धाकट्या भावाचं, विदालचं नाव निघालं. तो त्या कुंडात बुडाला तेव्हा मी एकटीच घरी पळाले होते, त्याला हाक मारायची राहिलीच होती.

तेव्हापासून माझ्या शेजारची सीट ओली असते. पुसली तरी.

शुक्रवारी परतताना गाडी आपल्या स्टेशनात थांबेल. तू ये आणि त्याला हाक मारून गाडीतून खाली बोलव. माझं तो कधी ऐकायचा?

तुझी,
रेमी