साध्या कपड्यांत यावे

हिमि, ३ जून

तीर्थस्वरूप सुमिएआत्यास,
मिझुहोचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तुमचा गुडघा आता दुखत नसेल अशी आशा. आईने सुकवलेली तारली वेगळी पाठवली आहे. पार्सल उघडताना खिडकी उघडी ठेवावी, असा तिचा निरोप आहे.

काम असल्याशिवाय मी पत्र लिहीत नाही, असं तुम्ही गेल्या वेळी लिहिलं होतं. ते खरं आहे आणि आजही काम आहे. मला बारावीनंतर कानाझावाच्या बागकाम महाविद्यालयात जायचं आहे. तिथे बाग आखणं, दगड बसवणं, छाटणी आणि हिवाळ्याआधी झाडांच्या फांद्या दोरांनी टांगून बांधणं शिकवतात. तिथे लवकर अर्ज करता येतो. लेखी परीक्षा नसते. मुलाचा कल कुठे आहे आणि हात कसा चालतो, हे भेटीत बघतात. या महिन्यात नाव कळवायचं, जुलैत भेट, आणि त्यांना मूल पटलं तर सप्टेंबर लागताच रीतसर अर्ज. मात्र एकदा अर्ज केला की दुसरीकडे कुठेही जायचं नाही, अशी अट आहे. आणि अर्जावर सहीच्या जागी पालकांचा शिक्का लागतो.

शिक्का बाबांच्या टेबलाच्या खणात आहे आणि बाबा खणासमोर बसून आहेत. आमच्या शाळेला तोयामाच्या विद्यापीठात अर्थशास्त्राची एक राखीव जागा मिळते. वर्गशिक्षकांनी ती माझ्यासाठी धरून ठेवली आहे. ऑगस्टअखेर त्यांना उत्तर हवं. बाबा म्हणतात की वाढलेलं ताट सोडून झाडावर चढणारी मुलगी त्यांनी पाहिलेली नाही. आई म्हणते की तिने पाहिली आहे, मी चार वर्षांची असताना.

आत्या, बाबा जगात फक्त तुम्हाला घाबरतात. एक शब्द टाकाल का?

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
मिझुहो


ताकादा, ७ जून

चि. मिझुहो हिस अनेक आशीर्वाद.

तारली पोचली. खिडकी उघडी ठेवली होती. शेजारच्या दोन मांजरांनी तुझ्या आईचे आभार कळवले आहेत.

पत्र वाचलं. अक्षर सुधारलं आहे, विचार अजून बघायचा आहे. माझ्या भावाला मी घाबरवते हे खोटं आहे. तो जन्मापासून घाबरट आहे, माझं फक्त नाव होतं.

मी उभा जन्म वर्गात काढला. दर वर्षी कोणी ना कोणी येऊन सांगायचं की मला अमुक आवडतं. ते जूनमध्ये आवडायचं आणि सप्टेंबरात विसरायचं. तेव्हा त्या झाडांत तुझं काय अडकलं आहे ते मला नीट लिहून कळव. आवड हा शब्द वापरायचा नाही. निसर्ग हाही नाही. टीव्हीवाल्यांनी तो पार झिजवला आहे. पटलं तर बापाशी बोलेन. नाही पटलं तर अर्थशास्त्राची पुस्तकं मी स्वतः पाठवीन, तीही नवी कोरी.

माया बोलून दाखवायची मला सवय नाही, ती गृहीत धर.

तुझी आत्या,
सुमिए


हिमि, १२ जून

तीर्थस्वरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

समोरच्या देवळात दर नोव्हेंबरात माळी येतात. मोठ्या पाइनच्या बुंध्याशी उंच खांब उभा करतात. एकजण टोकावर चढून एकेक दोर खाली सोडतो आणि खालचे लोक तो फांदीला बांधतात. सगळे दोर उतरले की झाडावर छत्री उघडल्यासारखी दिसते. पाचवीपासून मी शाळेला उशीर करून ते बघत आले आहे. गेल्या वर्षी त्यांनी मला खालचा दोर धरून बांधू दिला. माझे तळवे सोलले. मुकादमांनी विचारलं की पोरी, घरी जातेस का. मी म्हटलं की अजून उत्तरेची बाजू राहिली आहे.

जानेवारीत तो मोठा ओला बर्फ पडला, आठवतं? सकाळी उठून मी तोंडही न धुता देवळात पळाले. मी बांधलेली फांदी पांढरी होऊन, वाकून, पण जागेवर होती. शेजारच्या अंगणातली, कोणी न बांधलेली, मोडून रस्त्यात पडली होती. आत्या, गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा मला असं काही झालं नव्हतं. मिळाले होते ते एकदाच, पण तरी.

तुमचे दोन्ही शब्द वापरलेले नाहीत. सुंदर हा शब्दही खबरदारी म्हणून गाळला आहे.

उत्तर येईपर्यंत धीर धरून असलेली,
मिझुहो


ताकादा, १६ जून

चि. नोरिआकि यास आशीर्वाद.

मुलीने मला सगळं लिहिलं आहे आणि ते मला पटलं आहे. आता तुझे आक्षेप लिही. लोक काय म्हणतील हा आक्षेप मी धरणार नाही. मी नारा शहरातल्या कॉलेजात शिकायला निघाले तेव्हा आपल्या गल्लीने मला वेडी ठरवलं होतं. पुढे त्याच गल्लीने आपली पोरं माझ्याकडे शिकवणीला पाठवली. आणि हिमितले लोक मासळीचा भाव सोडून दुसरं काही बोलतात, असं माझ्या ऐकिवात नाही.

नाव कळवून नुसती भेट होऊ द्यायला तुझं काय जातं, तेही लिही. जेवणात मीठ कमी कर. वहिनीला आशीर्वाद.

तुझी ताई


हिमि, २० जून

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

आक्षेप एकच आहे. ती त्या खांबावर चढेल तेव्हा मी खाली नसेन.

नगरपालिकेत माझ्या टेबलावर दर हिवाळ्यात कागद येतात, छपरावरचा बर्फ काढताना पडलेल्या माणसांचे. बाकीचे ते नुसते फायलीला लावतात. मी वाचतो. अर्थशास्त्र शिकून कोणी पडल्याचा कागद अजून आलेला नाही. तू याला घाबरटपणा म्हणशील. मिझुहोची आईही आता तोच शब्द वापरते. तो तिला कोणी शिकवला, हे मी विचारत नाही.

भेटीला जाऊ दे. पण तिच्याबरोबर तू जा. तुला फसवणं आजवर कोणाला जमलेलं नाही. जागा फालतू वाटली तर तसं लिही, विषय संपेल. पटली तरी शिक्क्याचं वचन मी देत नाही. मुलीलाही तसंच सांगितलं आहे. तिने मान डोलावली आणि मग अर्धा तास घरभर गाणं गुणगुणत फिरली. माझ्या बोलण्याचा घरात काय परिणाम होतो, ते यावरून कळेल.

मीठ कमी केलं आहे. माझ्यावर रागाव, पण अबोला नको.

तुझा,
नोरिआकि


ताकादा, ९ जुलै

चि. मिझुहो हिस आशीर्वाद.

कॉलेजचं पत्र तू पाठवलंस ते वाचलं. साध्या कपड्यांत यावे, सोबत काही आणू नये, असं त्यात आहे. पोरी, ही रीतीची भाषा झाली. घर अगदी गबाळं आहे, तरी या, असं कोणी म्हटलं म्हणून आपण गबाळे होऊन जातो का? शाळेचा गणवेश घाल, इस्त्री मोडता कामा नये. बूट काळे. दारावर तीनदा टकटक करायची. दोनदा संडासाच्या दारावर करतात. या म्हटल्यावर आत जायचं, बसा म्हटल्यावर बसायचं, आणि बोलायचं ते आधी पाठ करून ठेवायचं.

मी उन्हाळी किमोनो नेसून येईन. मिठाईचा डबाही आणीन. एकदा नको म्हणतील, दोनदा नको म्हणतील, तिसऱ्यांदा घेतील. कानाझावा स्टेशनच्या मोठ्या लाकडी दरवाजाखाली भेट. उशीर केलास तर मी एकटीच पुढे जाऊन तुझ्या जागी प्रवेश घेईन.

बाकी भेटीत.

तुझी आत्या


ताकादा, २१ जुलै

चि. नोरिआकि यास आशीर्वाद.

घरी येऊन किमोनो न बदलताच लिहायला बसले आहे. उद्यापर्यंत थांबले तर माझी बाजू थोडी सजवीन.

साध्या कपड्यांत यावे याचा अर्थ साध्या कपड्यांत यावे, एवढाच होता. फाटकातून आत गेलो तर सगळी पोरं जुन्या विजारीत आणि मळक्या टी-शर्टात उभी, आणि आपली मुलगी बँकेच्या उद्घाटनाला आल्यासारखी. माझ्याविषयी न बोललेलं बरं, मी तर लग्नालाच आले होते. शिक्षकांचं नाव मोगामि. पन्नाशीचे, पायात माळ्यांचे अंगठा वेगळा असलेले रबरी बूट. भेट कुठल्या खोलीत आहे असं मी विचारलं, तर त्यांनी एका पाइनकडे बोट दाखवलं.

दारच नव्हतं. मिझुहोने सगळं पाठ केलं होतं आणि ते सगळं टकटकीपासून सुरू होत होतं. ती सरळ झाडापाशी गेली आणि तिने खोडावर तीनदा टकटक केली. मोगामिसाहेबांनी खोडाला कान लावला, आणि म्हणाले की आत कोणी दिसत नाही, आपण बाहेरच बोलू या. पोरं खदखदून हसली. मिझुहो लालबुंद झाली, मग तीही हसत सुटली आणि पाठ केलेलं सगळं तिथेच सांडलं. त्यानंतर ती जे बोलली ते तिचं स्वतःचं होतं. देवळाचं झाड, सोललेले तळवे, मोडलेली फांदी, सगळं सांगितलं. मला मध्ये बोलायची गरज पडली नाही, आणि तुला माहीत आहे की गरज नसतानाही मी बोलते.

मग मी मिठाई पुढे केली. ते नको म्हणाले. मी पुन्हा पुढे केली, पुन्हा नको. तिसऱ्यांदाही नको. मला वाटलं की पश्चिमेकडची माणसं जरा जास्त विनयी असतील, म्हणून चौथ्यांदा केली. तेव्हा त्यांनी हात जोडून सांगितलं की बाई, उमेदवाराच्या घरचं काहीही घ्यायचं नाही असा आमचा नियम आहे, मी खरोखरच नको म्हणतो आहे. शेवटी डबा पोरांत उघडला. साहेब पाठ करून उभे राहिले, आणि पोरं मला आजी आजी म्हणून आणखी मागत होती.

भेट म्हणजे काम होतं. शिकवण्यासाठी उन्हाळ्यातही एक खांब दोरांसह उभा ठेवला आहे. प्रत्येकाने जोडीदार घेऊन एक फांदी बांधायची. पोरांनी आपापसांत जोड्या लावल्या, आपली एकटी उरली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी बाह्या दोरीने वर बांधल्या आणि दोर धरला. काम दिलं की मी ते नीट करते. दोर चांगला ताणला. मिझुहोने सैल सोडायला सांगितलं. मी म्हटलं की सैल दोराचा उपयोग काय. तेव्हा तुझी मुलगी, जी माझ्यासमोर चहाची वाटीसुद्धा आवाज न करता ठेवते, सगळ्यांदेखत मला म्हणाली की आत्या, ओढू नका हो, फांदी उचलायची नाहीये; ती आहे तिथेच राहू द्यायची, भार पडला की दोराने धरायचं; आणि मनगट सोडा, तुम्ही फळ्यावर लिहीत नाही आहात.

मी मनगट सोडलं. नोरिआकि, मला असं आजवर कोणी सांगितलेलं नाही. राग कसा आला नाही, हे मी गाडीत बसून तपासत होते. मोगामिसाहेब बाकीच्या जोड्यांकडे बघायचं सोडून तिथेच उभे राहिले.

निघताना तुझा आक्षेप मी त्यांच्यापुढे ठेवला. शिकणारे पडतात का, असं सरळ विचारलं. ते म्हणाले की पूर्वी पडत. आता पहिलं वर्ष पाय जमिनीवरच असतात. पुढे कंबरपट्टा अडकवल्याशिवाय वर सोडत नाहीत, आणि एकदाही विसरला तर घरी पाठवतात. गेल्या साली एकाला पाठवलं. आईवडील येऊन विनवण्या करून गेले, तरी हे बधले नाहीत. मी त्यावर विश्वास ठेवला. माझ्या मिठाईला चार वेळा नाही म्हणणारा माणूस पट्ट्याच्या बाबतीत कोणाला हो म्हणणार नाही.

तू माझं मत मागितलं होतंस. जागा फालतू नाही, मुलगी तर नाहीच. त्यांचा निकाल काय येईल ते मला माहीत नाही. पण होकार आला, तर ती ज्या तोंडाने तो तुझ्यापुढे आणील त्या तोंडाकडे आधी बघ, मग खणाकडे.

थंड पाण्याने पाय धुऊन झोपते. तुझ्याविषयी जे वाटतं ते बदललेलं नाही.

तुझी ताई


हिमि, १० ऑगस्ट

तीर्थस्वरूप सुमिएआत्यास,
मिझुहोचा अगदी वाकून नमस्कार. वि. वि.

होकार आला! सप्टेंबर लागताच अर्ज करावा, असं कॉलेजने छापील कळवलं आहे, सोबत कोरा अर्जही आहे. खाली मोगामिसरांनी हाताने लिहिलं आहे की त्या दिवशी आलेल्या दोघींपैकी मोठीलाही सरावाने जमेल.

मी कागद बाबांपुढे ठेवला. त्यांनी आधी माझ्याकडेच पाहिलं, बराच वेळ. मग कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. जेवताना आई टेबलाखालून मला पायाने ढोसत होती, जणू बोलायची मीच राहिले होते. जेवण झाल्यावर बाबा अंगणात गेले आणि मला हाक मारली. आपल्या चेरीच्या झाडाखाली उभे होते. विचारलं की या झाडाचं काय सांगशील.

मी भोवती फिरून पाहिलं. म्हटलं की भिंतीकडची जाड फांदी बुंध्यापाशी फाटायला लागली आहे. बांधली नाही, तर या हिवाळ्यात पहिल्या ओल्या बर्फाला ती खाली येणार, आणि येणार ती नेमकी गाडीच्या टपावर. भर दुपार होती, किडे कोकलत होते, घामाने बाबांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी वर पाहिलं, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आत जाऊन किल्ली आणली आणि गाडी सावलीतून काढून पलीकडे रणरणत्या उन्हात लावली. मग हात धुतले आणि खण उघडला.

अर्जावर शिक्का मारताना आईला कागद दोन्ही बाजूंनी धरायला लावला, तरी तो थोडा तिरका उमटला. आई म्हणाली की चालेल, वाचता येतो. वर्गशिक्षकांना बाबांनी स्वतः फोन केला आणि ती जागा दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगितलं. मुलगी काय शिकणार असं त्यांनी विचारलं असावं, कारण बाबांनी घसा खाकरून, सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात सांगितलं.

मी त्यांना म्हटलं की बर्फाला अजून खूप अवकाश आहे, नोव्हेंबरात फांदी मी बांधीन, तोवर गाडी सावलीत ठेवायला काही हरकत नाही. ते ऐकत नाहीत. रोज जेवायला घरी येतात आणि परत जाताना तापलेल्या सीटवर ओला टॉवेल अंथरून बसतात.

तुम्ही दिलेली माया जपून वापरते आहे, संपत आली की लिहीन.

तुमची,
मिझुहो