परवाच्या पावाबद्दल आभार

प्रिय मेहुणेबुवा एवारिस्तो यांस,

तुझ्या एकुलत्या एका बहिणीचा एकुलता एक नवरा ओस्वाल्दो याचा टेकडीवरून नमस्कार. खाणीतली धूळ तुझ्या छातीला फार छळत नसेल, कालामाची थंडी यंदा बेताची असेल आणि तुझी बायको पिलार (जिला आम्ही अजून फक्त फोटोतच पाहिलं आहे) खुशाल असेल असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. तुझ्या बहिणीची, नोएमीची, कंबर धरते, मुलगी गणितात नापास होते, तुझ्या मातोश्री क्लोरिंदाबाई ठणठणीत आहेत आणि मी अजूनही नोटरीच्या कचेरीत शिक्केच मारतो. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तू उचलत नाहीस. निरोप मात्र वाचतोस, ते आम्हाला इकडे दिसतं.

पत्रास कारण की, तू गेल्या महिन्यात आईसाठी पाठवलेला पाव ताजा ठेवायचा डबा पोचला. डबा उत्तम आहे. बांबूचं झाकण, आत जाळी, बाजूला हवा खेळायला भोकं. सोबतच्या कागदावर लिहिलंय की यात पाव चार दिवस राहतो, आणि खरोखर राहतो. एवारिस्तो, तू माझं अकरा वर्षांत जेवढं नुकसान केलं नव्हतंस तेवढं या डब्याने एका महिन्यात केलं. रागावू नकोस, सगळं नीट सांगतो.

तुला घर सोडून अकरा वर्षं झाली म्हणजे घरातला कायदा विसरला असशील. आधी कालचा पाव संपवायचा, मग आजच्याला हात लावायचा. कायदा चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रोज लागेल तेवढाच पाव आणला तर कालचा उरतच नाही आणि सगळे ताजा खातात. तू होतास तोवर तसंच चालायचं. पण तू गेलास त्याच वर्षी, अठरा सप्टेंबरच्या राष्ट्रीय सणाला, तू खाणीतले आठ मित्र घेऊन येतो म्हणालास, सासूबाईंनी सहा किलो पाव आणून ठेवला, आणि तू आला नाहीस. (तू वाटेत कोपियापोला पिलारच्या आईकडे उतरलास आणि तिथे तीन दिवस मटण भाजत बसलास, हे आम्हाला नंतर कळलं.) चौथ्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पाव शिळा झाला," आणि त्यांनी फोन ठेवला. तेव्हापासून तू आईच्या जिभेला भिऊन हजार मैलांवर बसला आहेस, आणि इथे मी शिळा पाव खातो आहे. रोज. कारण त्या दिवशी जो एक दिवस मागे पडला तो पडलाच.

आता माझी हालत डोळ्यांपुढे आण. संध्याकाळी कचेरी सुटली की मी खालच्या बेकरीच्या रांगेत उभा राहतो. गरम पावाची पुडी छातीशी धरून दोनशे चौदा पायऱ्या चढतो. वासाने दोन्ही बाजूंची कुत्री जागी होतात, माणसं दारात येऊन सुस्कारे टाकतात. वर पोचलो की सासूबाई पुडी घेतात, आतले पाव मोजतात (त्यामुळे वाटेत एखादा मोडून खाण्याची सोय नाही), कापडाच्या पिशवीत घालतात आणि कालचे बाहेर काढतात. त्यांना ओल्या हाताने पुसतात, गॅसवरच्या जाळीवर शेकतात आणि चहाबरोबर माझ्यासमोर ठेवतात. वर कुस्करलेलं अ‍ॅव्होकॅडो असतं म्हणून घास उतरतो. एकीकडे पिशवीतून ताज्याचा वास येत असतो. असा अन्याय गाढवानेही सोसला नसता, पण जावयाने सोसायचा असतो.

टाकून द्यायची तर बातच सोड. जमिनीवर पडलेला तुकडा उचलून, त्याचा मुका घेऊन, परत ताटात ठेवणारं हे घर. माझी सगळी भिस्त बुरशीवर होती. एकदा, फक्त एकदा, पिशवीभर पावाला बुरशी लागली असती तर आमचा हिशेब सरळ झाला असता. पण तुझ्या मातोश्रींच्या हातून पाव बिघडेल तर शपथ. पिशवीत अर्धा बटाटा ठेवतात, कापड दर दोन दिवसांनी उन्हात टाकतात, फ्रीजच्या जवळपासही पाव फिरकू देत नाहीत, आणि अगदीच दगड झाला तर रविवारी दुधात भिजवून त्याचं पुडिंग करतात. पाव जितका चांगला टिकतो तितका आम्ही तो शिळा खातो, हे मला कळतं, पण या घरात बोलून दाखवता येत नाही. त्यात तुझा डबा आला. सासूबाईंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, चार दिवस राहतो म्हणजे एका दिवसाचाच साठा कशाला, दोन दिवसांचा ठेवू. तेव्हापासून, मेहुणेबुवा, आम्ही परवाचा खातो.

मध्यंतरी टेकडीवर अन्नाची नासाडी थांबवायला निघालेल्या कुठल्याशा संस्थेची इसिदोरा नावाची बाई आली होती. तिने सभागृहात दीड तास आम्हा गरिबांना गरिबीत कसं राहावं ते शिकवलं, मग आदर्श स्वयंपाकघर म्हणून आमच्या घरी फोटो काढायला आली. तिला कचऱ्याची बादली बघायची होती. ती रिकामी होती. सालं सूपमध्ये, चहाचा चोथा कुंडीत, पावाचा चुरा बरणीत. बाई इतकी खूश झाली की समोरचा केक अर्धा टाकूनच उठली. सासूबाईंनी तो तिच्याच माहितीपत्रकात गुंडाळून तिच्या पर्समध्ये कोंबला आणि म्हणाल्या, घरी जाऊन खा गं बाई. आता संस्थेचं प्रशस्तिपत्र डब्याच्या वर टांगलंय आणि त्याच्याखाली बसून मी परवाचा चावतो.

प्रशस्तिपत्र बघून माझं डोकं फिरलं आणि मी कट केला. गेल्या शनिवारी शेजारच्या एलेउतेरिओंना त्यांच्या तीन मुलांसकट चहाला बोलावलं. चौघंही बोटीवर जातात, आणि बोटीवरून आलेल्या माणसाला पाव कधीचा आहे याचं सोयरसुतक नसतं. परवाचा संपला, कालचा संपला. ताज्यापर्यंत माझा हात पोचण्याआधी ते चौघे पोचले. माझी हरकत नव्हती. डबा रिकामा झाला होता. नोएमीने टेबलाखालून माझा हात दाबला. उद्यापासून आपण माणसांसारखा पाव खाणार होतो.

रविवारी गरम पाव घेऊन मी त्या पायऱ्या तरुणासारखा चढलो. सगळे टेबलाशी बसलो. सासूबाईंनी डबा उघडला, आत पाहिलं, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, खाली जा आणि आणखी दोन दिवसांचा घेऊन या."

मी हसून म्हटलं, आता कशाला, सगळं संपलं की. आता रोजचा रोज आणू, ताजा खाऊ, वायाही जाणार नाही.

"आणि तो आज आला तर त्याच्या पुढ्यात काय ठेवू? तुमचं डोकं?"

मी विचारलं, कोण आला तर? नोएमीने माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न परत गिळावासा वाटला.

"सांगून आला तेव्हा आला नाही. म्हणजे येईल तेव्हा न सांगताच येईल," सासूबाई म्हणाल्या. "आणि एकटा यायचा नाही, आठजण आणील. शिळा का असेना, आईच्या घरात पाव नव्हता असं त्याने म्हणता कामा नये."

म्हणजे बघ. ते सहा किलो त्याच महिन्यात संपले होते. अकरा वर्षं मी एका चुकीची शिक्षा भोगतोय असं समजत होतो, आणि इथे रोज संध्याकाळी तुझा वाटा काढून ठेवला जात होता, तू न आल्यामुळे दुसऱ्या दिवशी तो आम्ही खात होतो. मला आधी सासूबाईंचा राग आला, मग तुझा आला, तो जास्त आला, आणि मग इतकं वाईट वाटलं की मी पिशवी उचलून दोनशे चौदा पायऱ्या परत उतरलो. वर येईपर्यंत टेबलावरचा पाव निवला होता. घास घशात अडकला वगैरे लिहिणार होतो, पण पत्रात खोटं कशाला? मी चार खाल्ले.

असो. यातून मला काहीही सुचवायचं नाही. तुझी नोकरी आहे, बस बावीस तास घेते, प्रत्येकाचा संसार असतो. डब्याबद्दल पुन्हा आभार. पिलारला नमस्कार.

तुझा,
ओस्वाल्दो

ता. क. तेव्हा फोन रागाने ठेवला असं तू समजतोस. नोएमी शेजारी उभी होती. ती म्हणते, आईला रडू आलं आणि ते तुला ऐकू जाऊ नये म्हणून तिने ठेवला. हे मी तुला सांगितलं असं कुणाला सांगू नकोस.

आणखी एक ता. क. बरं, सुचवायचं आहे. ये. एका रात्रीसाठी ये, भांडायला ये, पण ये. मी पन्नाशीला आलो आहे आणि माझ्या दाढा तुझ्या येण्याची अकरा वर्षं वाट बघत झिजल्या आहेत.

शेवटचा ता. क. हे पत्र मी डब्याखाली लपवलं होतं. या घरात डब्याखाली काही लपवू नये हे मला कळायला हवं होतं. सासूबाईंनी सगळं वाचलं, मला वाटलं आता माझी खैर नाही, पण त्यांनी फक्त विचारलं, दोघंच येणार की मित्रही. मी म्हटलं, अजून त्याला पत्रसुद्धा टाकलेलं नाही. तोवर त्या शाल गुंडाळून पायऱ्या उतरू लागल्या होत्या. अठरा सप्टेंबरसाठी सहा किलो सांगून आल्या आहेत. बेकरीवाल्याने नाव विचारलं, तर माझं नाही दिलं. तुझं दिलं.