आनंदरावांच्या गाईने खाल्लेली गादी

भोर,
कार्तिक वद्य नवमी, शके १८६०

तीर्थरूप धोंडाआक्काच्या पायांवर चिमाजीचे डोके. इकडे मी आणि तुझी भावजय बनाबाई हिंडतेफिरते आहोत. तुझे गुडघे कसे आहेत ते खरे खरे कळव, नुसते “बरं हाय” कळवू नकोस. पत्र वाचून दाखवणाऱ्या चि. कुंडलिकास आशीर्वाद. (कुंडलिका, दुकानात गिऱ्हाईक असेल तर आधी ते उरक आणि मग सलग वाच. माझ्या वर्गात असताना अवघड ओळ आली की तू ती गाळून पुढच्या ओळीवर उडी मारायचास. मला ते दिसत होते. इथे गाळू नकोस.)

तर ताजी बातमी अशी की परवा दुपारी माझी गादी शेजारच्या आनंदरावांच्या गाईने खाल्ली. बातमी ऐकीव नाही. इस्माईल पिंजारी त्या वेळी माझ्या ओट्यावर हजर होता, आणि गाईच्या तोंडातून खोळीचा उरलेला कोपरा त्यानेच ओढून काढला. तो कोपरा माझ्यापुढे धरून तो म्हणाला, “गुरुजी, गादी गेली. पर ही माझी न्हवं, एवढं ध्यानात ठेवा.”

या सगळ्याचे मूळ तू आहेस, हे आधीच सांगून टाकतो. भाऊबीजेला तू गाठोडे घेऊन आलीस ती संक्रांतीपर्यंत राहायचे कबूल करून. तुझ्यासाठी मी इस्माईलकडून कापसाची नवी गादी भरून घेतली होती आणि तिच्यावर अंथरायला सावरीची एक पातळ गादी वेगळी करवली होती. (इस्माईल तिला “गादीची गादी” म्हणतो. भोरात अशी दुसरी कुणाकडे नाही म्हणतो. मला वाटते, कुणी मागितलीच नसेल.) तिच्यावर तू दोन रात्री काढल्यास आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाठोडे बांधून दारात उभी राहिलीस. “चिमा, तुजी गादी लई ग्वाड हाय रं, पर माज्या पाठीला सोसंना. पडलं की जीव अधांतरी ऱ्हातो.” एवढे बोललीस आणि निघालीस. बनाबाईने थापलेली भाकरीसुद्धा तू वाटेसाठी फडक्यात बांधून घेतलीस, बसून खाल्ली नाहीस.

तेव्हा मी तुला जाऊ दिले. पण आक्का, गेल्या पौषात तू पहाटे उंबऱ्यात पडलीस आणि शेजारची साळूबाई ताक मागायला येईपर्यंत त्या गारठ्यात तशीच पडून राहिलीस, हे मी विसरलेलो नाही. तुला विंझरला त्या घरात एकटी ठेवून आणखी एक थंडी काढायची नाही, हे माझे ठरले आहे. तू म्हणतेस अडचण गादीची आहे. ठीक. मग गादीचाच बंदोबस्त करू, असे म्हणून मी कामाला लागलो. तू ज्या कोपऱ्यात झोपलीस त्याच कोपऱ्यात, तुझ्याच जागी, प्रत्येक गादीवर स्वतः झोपून पाहायचे मी ठरवले. शाळेत मी कधी पोरांना असे गणित घातले नाही, जे मी आधी सोडवले नव्हते.

पहिल्यांदा वरची सावरी काढली. मग इस्माईलला बोलावून खालच्या गादीतला कापूस कमी केला. मग जास्त केला. मग एका सद्गृहस्थाने सांगितले की पुण्यात हल्ली काथ्याची गादी निघाली आहे, पाठीला एकदम सरळ ठेवते. तीही मागवली. आक्का, नारळ सोलताना नारळाला काय वाटत असेल ते मला त्या गादीने शिकवले. इस्माईल दर खेपेला कापूस पिंजायचे पिंजण खांद्यावर टाकून यायचा, वैद्याने नाडी बघावी तसा तळहात गादीवर दाबून डोळे मिटायचा आणि निदान सांगायचा की गादी ठणठणीत आहे, बिघाड माणसात आहे. “कापूस सरळ हाय, गुरुजी. तुमीच वाकडं झोपता.” बनाबाई या सगळ्यात काहीच बोलली नाही. (ती बोलत नाही तेव्हा मला काळजी वाटते.)

काथ्याच्या गादीवर एका कुशीवर पडून विचार करताना मला आपले अंथरूण आठवले. तुला आठवते का? भात झोडून झाले की आबा आंबेमोहराचा पेंढा भिंतीकडेला कोपरभर उंच पसरायचे, त्यावर घोंगडी आणि घोंगडीवर आईची वाकळ. पहिल्या संध्याकाळी आपल्याला त्यावर उड्या मारायची परवानगी असायची, म्हणजे पेंढा बसतो म्हणून. (परवानगी तुला होती. मी तुझ्या पाठोपाठ चोरून मारायचो आणि मार दोघांना मिळायचा.) पडले की खाली बारीक चुरचुर व्हायची आणि साऱ्या घराला नव्या भाताचा वास यायचा. आणि होळी झाली की आबा सकाळी हाक द्यायचे, “उठा रं, अंथरूण म्हशीला टाकायचंय!” आपण थंडीभर ज्यावर लोळलो ते चार दिवसांत आपल्याच वाटीत दूध होऊन यायचे. अशी गादी आजवर कुठल्या शहरात निघाली आहे का, मला सांग.

म्हणून मी इस्माईलला म्हटले, बाबा, खोळीत पेंढा भर. त्याने पिंजण खाली ठेवले. “गुरुजी, माज्या आज्यापासनं आमी माणसाच्या गाद्या भरतोय. गोठ्याच्या न्हाई.” आणि दोन दिवस तो माझ्या घरावरून मान फिरवून गेला. शेवटी भाटघरच्या सोनबाकडून एक भारा पेंढा घेतला आणि मीच बसून भरला. माझी शिवण कशी असते ते तुला माहीत आहे. परवा ती गादी उन्हात टाकावी म्हणून ओट्यावर आणली, इस्माईलही राग विसरून (किंवा माझी फजिती बघायला) येऊन बसला, आणि आम्ही दोघे पेंढा की कापूस या वादात रंगलो असताना आनंदरावांची गाय दावे तोडून आली आणि तिने निकाल लावला. शिवण जिथे उसवली होती तिथून तिने एकेक घास ओढून घेतला, वाढलेल्या ताटावर पाहुणा बसतो तशी, न घाबरता. मी हाकलायला उठलो तर इस्माईल म्हणाला, “खाऊ द्या. तिनं त्वांड लावलंय, आता गादी माणसाच्या कामाची न्हाई.”

गादी संपली. गाय तिथेच माझ्या खिडकीखाली बसली आणि रवंथ करू लागली. इस्माईलने मला हुकूम सोडला की आता आत जा, माझ्या कापसाच्या गादीवर पडा आणि काय ते शेवटचे सांगा, मी इथेच बसतो. मी गेलो, पडलो.

उठलो ते आनंदरावांच्या आरोळीने. “ओ गुरुजी! घरात झालंय तरी काय? दार सताड उघडं आनि समदे आडवे!” बाहेर दिवेलागण झाली होती. आनंदराव गाय शोधत आले होते. आत मी. स्वयंपाकघरात बनाबाई भिंतीला टेकून, मांडीवर अर्धे निवडलेल्या तांदळाचे सूप. ओट्यावर इस्माईल आपल्या पिंजणाला मिठी मारून. सगळ्या घरात जागी अशी एकटी गाय, आणि तिचे तोंड हलत होते. इस्माईलने डोळे उघडले ते बोलतच. “बगा! म्या म्हणलो न्हवतो? गादीत दोष न्हाई!” (तो स्वतः उघड्या दगडावर झोपला होता, हे त्याला कुणी सांगितले नाही.)

आनंदराव गाय घेऊन गेले आणि घर एकदम गप्प झाले. तेव्हा माझ्या ध्यानात आले, आक्का. आपल्या घरात मधल्या कारवीच्या कुडापलीकडे गुरे असायची. आबा म्हणायचे, गुरं रवंथ करत्यात तवर वाघरू डोंगरात हाय, खुशाल झोपा. आणि रवंथ थांबला की सगळ्यात आधी तू उठून बसायचीस, आबांच्याही आधी, आणि तुझा हात माझ्या अंगावर असायचा. मी इतकी वर्षे शाळेच्या गावात काढली, मी ते विसरलो. तू विसरली नाहीस. माझ्या घरात रात्री कसलाच आवाज नसतो. तुझ्या कानाला ते घर म्हणजे नुकता रवंथ थांबलेले घर. भाऊबीजेच्या त्या दोन्ही रात्री भोरच्या भर पेठेत तू वाघराच्या वाटेवर डोळे लावून, आम्हाला राखत बसली होतीस. आणि दोष दिलास गादीला, कारण भावाच्या घरात भीती वाटते असे कोण म्हणेल?

तर लाकडांची खोली मी रिकामी केली आहे. तुझा कोपरा आणि ती खोली यांच्यामधली भिंत काल गवंड्याकडून काढवली आणि तिथे कूड घातला. (बनाबाईच्या पिठात माती गेली. ती अजूनही काही बोललेली नाही.) सोमवारी सावळाराम बैलगाडीतून तांदूळ घेऊन विंझरहून भोरला निघतो आहे, नसरापूरला मुक्काम करील. तू गाडीत बस आणि तुझी तांबडी गाय मागे बांधून आण. साळूबाईकडे ठेवलीस की तुझे अर्धे मन तिकडेच राहते, हेही मला आता कळले.

तुझा धाकटा,
चिमाजी

ता. क. येताना आंबेमोहराच्या पेंढ्याचे दोन भारे गाडीत टाक. तांबडीसाठी. आधी त्यावर कोण झोपणार ते आपण इथे भांडून ठरवू. इस्माईलला मात्र त्याच्याच गादीमुळे तुला झोप लागली असे सांगायचे आहे.

आणखी ता. क. बनाबाई शेवटी बोलली. ती सांगते तसे लिहितो. “वन्सं, ह्यांचं काय बी खरं मानू नका. काथ्या असू दे न्हाईतर कापूस, हे पडल्या पडल्या घोरत्यात. गादी परीक्षा म्हनं! झोप मला न्हवती. परवा त्या गाईच्या रवंथापुढं ह्यांचं घोरणं ऐकू आलं न्हाई, म्हणून जरा डोळा लागला. तवा तुमी या, पर तांबडीशिवाय येऊ नका.”

शेवटचे, फक्त कुंडलिकासाठी. आक्का “बघू” म्हणेल. ते मला कळवायचे नाही. सोमवारी पहाटे तांबडीला आधी गाडीला बांध आणि सावळारामाला म्हणावे, बैल हळू चालव. गाय निघाली की आक्का मागोमाग येते. मंगळवारी संध्याकाळी आम्ही तिघे, म्हणजे बनाबाई, मी आणि इस्माईल, ओट्यावर वाट बघत असू. ही ओळ मोठ्याने वाचायची नव्हती. पण आधी वाचायचे आणि मग समजून घ्यायचे, ही तुझी खोड माझ्या वर्गापासूनची आहे.